राजसूयात राजाच्या पाठीवर काठी का? फलकांसाठी नेमकी माहिती हवी

कृष्णाकाठ (सांगली)

इथल्या एका वाचनालयात शाळेच्या मुलांसाठी चार मोठे फलक करायचे आहेत. विषय: प्राचीन काळात विधी आणि सोहळे यांनी राजसत्ता कशी घडवली. हाताशी असलेल्या पुस्तकांत सगळीकडे एकच वाक्य, ‘अभिषेकामुळे राजाला दैवी अधिष्ठान मिळे’. नववीतली मुलगी लगेच विचारेल, मिळे म्हणजे नेमकं काय होई? सैन्य आणि खजिना आधीच हातात असलेल्या माणसाच्या डोक्यावर पाणी ओतून काय फरक पडला?

राजसूयात, म्हणजे राज्याभिषेकाच्या वैदिक यज्ञात, राजाला काठीनं मारत, असं एका टिपेत वाचलं. खरं आहे का, कोणत्या टप्प्यावर, आणि राजा ते का चालवून घेई? अश्वमेधाचा घोडा कुणी अडवला किंवा वाटेत मेला तर? या सगळ्याचा खर्च किती, याचा एखादा विश्वासार्ह आकडा आहे का? गुळगुळीत विधानं नकोत, कृती हव्यात: कोण, कुठं उभा, हातात काय.

माहुली (सातारा)

खरं आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक यज्ञग्रंथाच्या पाचव्या कांडात आहे. पण काठीचा प्रसंग एकटा उचलून फलकावर लावू नका, तो नुसता चमत्कारिक वाटेल. त्याच्या आधी काय झालं आणि लगेच नंतर काय होतं, त्यात त्याचा अर्थ आहे.

राजसूय म्हणजे एका दिवसाचा समारंभ नव्हे. आधीची आणि नंतरची कर्मं धरली तर तो दोन वर्षांच्या पुढे जातो. अभिषेकाच्या आधी ‘रत्निनां हवींषि’ नावाचा भाग येतो. राजा रोज एका रत्नीच्या घरी जातो आणि तिथं आहुती देतो. रत्नी म्हणजे राज्याचे आधारस्तंभ: सेनानी, पुरोहित, महिषी म्हणजे पट्टराणी, सूत (भाट), ग्रामणी (गावप्रमुख), क्षत्ता आणि संग्रहीता (राजाचे सेवक), भागदुघ, अक्षावाप, गोविकर्ता, पालागल. भागदुघ हा राजाचा वाटा गोळा करणारा. दुघ म्हणजे दूध काढणारा, कर वसूल करणाऱ्याला याहून नेमका शब्द सापडणार नाही. अक्षावाप फाशांचा अधिकारी, पालागल निरोप्या. शेवटी राजाची टाकलेली राणी, परिवृक्ती, तिच्याही घरी जावं लागतं. तिथं निर्ऋती या अनिष्ट देवतेसाठी काळ्या तांदळाचा चरू, म्हणजे आहुतीसाठी शिजवलेलं धान्य. प्रत्येक घरची देवता वेगळी, हवी वेगळा, दक्षिणा वेगळी. सेनानीच्या घरी सोनं. निरोप्याच्या घरी कातडं चढवलेलं धनुष्य, चामड्याचा भाता आणि लाल पागोटं.

फलकावर ठळक लिहिण्यासारखी गोष्ट ही की राजा त्यांना वाड्यावर बोलावून घेत नाही, स्वतः त्यांच्या दारात जातो. अजून अभिषेक झालेला नाही. ज्यांच्या जिवावर राज्य चालणार, त्या प्रत्येकाच्या चुलीपाशी एक दिवस. एखाद्यानं दार लावून घेतलं तर पुढचं गाडं अडलंच. विधीनं ‘अधिकार दिला’ म्हणतात तो असा, एकेका घरातून गोळा करत.

मग पाणी. शतपथ १७ प्रकारचं पाणी सांगतं: सरस्वतीचं, प्रवाहाच्या दिशेनं जाणाऱ्या लाटेचं, उलट फिरणाऱ्या लाटेचं, भोवऱ्यातलं, समुद्राचं, उन्हात पडलेल्या पावसाचं, तळ्याचं, विहिरीचं, दवाचं, शिवाय मध, दूध, तूप. हे पाणी चार पात्रांत घेतात आणि पात्राचं लाकूड शिंपणारा कोण यावर ठरतं. पळसाचं पात्र ब्राह्मणाचं, उंबराचं राजाच्या भाऊबंदाचं, वडाचं मित्र असलेल्या राजन्याचं (क्षत्रियाचं), पिंपळाचं वैश्याचं. पुरोहितानं एकट्यानं अभिषेक केला आणि झालं, असं नाही. चार वेगवेगळे हात लागतात, त्यात भाऊबंदांचा एक हात मुद्दाम ठेवलाय. गादीवर उद्या दावा सांगू शकणारा माणूस आज सर्वांसमक्ष पाणी घालतो.

आता काठी. राजा खैराच्या आसनावर, आसंदीवर, बसतो. त्याच्या हातावर पाच फासे ठेवतात. मग अध्वर्यू, म्हणजे यज्ञातली प्रत्यक्ष कामं करणारा पुरोहित, आणि त्याचे सहकारी पाठीमागून काठ्यांनी त्याच्या पाठीवर मारतात, आणि ‘तूष्णीम्’, म्हणजे एकही मंत्र न म्हणता. वैदिक यज्ञात जवळजवळ प्रत्येक हालचालीला मंत्र असतो, म्हणून ही शांतता लक्षात ठेवा. ग्रंथच कारण सांगतो: यामुळे राजाला ‘दंडवधा’च्या पलीकडे नेलं, म्हणून राजा अदंड्य, त्याला कुणी दंड करू शकत नाही. आयुष्यभराचा दंड एकदाच, आधीच भोगून झाला. आता दंड त्याच्या हातात.

त्याच्या पाठोपाठ स्फ्य, म्हणजे यज्ञातली लाकडी तलवार, हातोहात जाते. अध्वर्यू राजाला देतो, राजा भावाला, भाऊ सूताला किंवा स्थपतीला, तो ग्रामणीला, ग्रामणी सजाताला, म्हणजे जमातीतल्या सामान्य माणसाला. दर वेळी ग्रंथ सांगतो की देणाऱ्यानं घेणाऱ्याला आपल्याहून दुबळं केलं. राज्याची सगळी उतरंड सहा हातांत दिसते. आणि पहिला हात राजाचा नाही, हे मुलांना जरूर दाखवा.

याच अंगाचं आणखी एक वाक्य आहे. अभिषेकाआधी लोकांना सांगतात, ‘हा तुमचा राजा’, आणि लगेच पुढे, ‘सोमोऽस्माकं ब्राह्मणानां राजा’, आम्हा ब्राह्मणांचा राजा सोम देव. शतपथ याचा अर्थ उघड लावतं: राजानं बाकी सगळ्यांना खावं, ब्राह्मणाला नाही. म्हणजे कर कुणावर बसणार नाही, ते कलम गादीवर बसण्याआधीच वाचून दाखवलं.

औदुंबर (पलूस)

माहुली यांनी चांगलं मांडलंय. दोन पुरवण्या.

रत्नींचा क्रम यजुर्वेदाच्या सगळ्या शाखांत एकसारखा नाही. शतपथात पहिलं घर सेनानीचं, तैत्तिरीय संहितेत पहिलं घर ब्राह्मणाचं. यादी जवळपास तीच, पण पहिला मान कुणाचा यावर एकमत नव्हतं. फलकावर दोन्ही क्रम शेजारीशेजारी लावा. लग्नात आधी कुणाला टॉवेल-टोपी द्यायची यावरून रुसवे बघितलेल्या मुलांना ते चटकन कळेल.

दुसरं, हे ग्रंथ यज्ञ कसा करावा ते सांगतात. अमुक राजानं तो तसाच केला याचा हा पुरावा नव्हे. ‘राजाला मारत असत’ असं न लिहिता ‘मारावं असं विधीत सांगितलं आहे’ असं लिहा. शब्द दोनच वाढतील, पण फलक खरा राहील.

उंबराचा विषय निघालाच आहे म्हणून: ऐतरेय ब्राह्मणातल्या ऐंद्र महाभिषेकात, म्हणजे इंद्राच्या नमुन्यावरच्या मोठ्या अभिषेकात, आसनच उंबराचं. पाय वीतभर उंच, मुंज गवताची वीण, वर वाघाचं कातडं. त्या अभिषेकाआधी राजा पुरोहितासमोर शपथ घेतो: मी तुझा द्रोह केला तर जन्मल्या रात्रीपासून मरेपर्यंतचं माझं सगळं पुण्य, माझं आयुष्य, माझी संतती तू घे. काठीपेक्षा मला ही शपथ जास्त बोलकी वाटते. काठी राजाला दंडापासून सोडवते आणि शपथ त्याला पुन्हा बांधते. आपल्याकडे औदुंबरला कृष्णाकाठी उंबराखाली हात जोडणारी मुलं हा फलक वाचणार आहेत, तेव्हा त्या लाकडाचं चित्र नक्की काढा.

आगाशिव (कऱ्हाड)

अश्वमेध आणि खर्च, दोन्हींवर लिहितो.

घोडा वर्षभर मोकळा फिरतो, पण एकटा नाही. शतपथाच्या तेराव्या कांडात त्याची राखण मोजून दिली आहे: चिलखत घातलेले १०० राजपुत्र, तलवारी घेतलेले १०० राजन्य, बाणांचे भाते घेतलेली सूत-ग्रामणींची १०० मुलं, काठ्या घेतलेली क्षत्ता-संग्रहीत्यांची १०० मुलं. सोबत १०० थकलेले घोडे. ही ४०० माणसं म्हणजे राज्यातल्या चारही थरांतल्या घरांची मुलं, आणि ती वर्षभर राजाच्या कामावर. ज्या बापाचा मुलगा घोड्यामागे आहे, तो बाप त्या वर्षात बंड करणार नाही. हे अखेरचं अनुमान माझं, ग्रंथात नाही.

तिकडे घोडा फिरत असताना राजधानीत रोज गायन. दिवसा ब्राह्मण वीणेवर गातो: राजानं असे यज्ञ केले, अशी दानं दिली. रात्री राजन्य गातो: अशी लढाई केली, असा जिंकला. गाणी त्यांनी स्वतः रचायची.

माझ्या मते या सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे पारिप्लव आख्यान, आणि शालेय पुस्तकांत तो कधीच येत नाही. दहा दिवसांचं एक आवर्तन, वर्षात ३६ आवर्तनं. रोज एका पुराण-राजाचं नाव घ्यायचं, त्याची प्रजा कोण ते सांगायचं, आणि त्या प्रजेच्या जागी खरी माणसं समोर बसवायची. पहिल्या दिवशी मनू, प्रजा माणसं, समोर वेद न शिकलेले गृहस्थ. दुसऱ्या दिवशी यम, समोर म्हातारी माणसं. तिसऱ्या दिवशी देखणे तरुण, चौथ्या दिवशी देखण्या तरुणी, पाचव्या दिवशी सापांचे जाणकार. सहाव्या दिवशी कुबेर, प्रजा राक्षस, समोर वाईट धंदे करणारे, लुटारू. सातव्या दिवशी असुर, आणि समोर कोण? व्याजबट्टा करणारे सावकार. आठव्या दिवशी मासे मारणारे, नवव्या दिवशी पाखरांचे जाणकार, दहाव्या दिवशी दान न घेणारे श्रोत्रिय, म्हणजे वेद शिकलेले ब्राह्मण.

एरवी यज्ञमंडपाच्या आसपासही ज्यांना जागा नव्हती, त्यांना दर दहा दिवसांनी एक दिवस ठरलेला. बसणाऱ्यांना आपला दिवस माहीत, राजाला आपली माणसं माहीत. अख्खा फलक यावरच करा. मधे राजा, भोवती दहा घरं, प्रत्येक घरात त्या दिवशीचे लोक.

बिघडतं कधी, तर त्याचीही तरतूद आहे. घोडा आजारी पडला तर पूषा देवाला चरू, डोळा गेला तर सूर्याला, पाण्यात बुडून मेला तर वरुणाला जवाचा चरू. मेला किंवा शत्रूनं नेला तर दुसरा घोडा आणून प्रोक्षण करायचं आणि पुढे चालायचं. कागदावर सोपं. पण त्याच कांडात बजावलंय की दुबळा असून जो अश्वमेध करतो तो उधळला जातो. उदाहरणही आहे: शतानीक सात्राजितानं काशीच्या धृतराष्ट्राचा घोडा पळवला, आणि तेव्हापासून काशीचे लोक अग्नी ठेवत नाहीत, ‘आमचं सोमपान हिरावलं’ म्हणतात. दुसरा घोडा त्यांना मिळाला नसता असं थोडंच आहे? गेली ती पत. विधीनं सत्ता पक्की होते, याची दुसरी बाजू ही. ज्यानं राजा मोठा होतो त्याच दोरीनं तो सगळ्यांदेखत खाली येतो, म्हणून दुबळ्यानं यात पडू नये असं ग्रंथकारच सांगतात.

आता आकडा. जुन्नरजवळच्या नाणेघाटातला सातवाहनांचा लेख, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला, राणी नागनिकेचा. लेख मोडका आहे, पण यज्ञांची आणि दक्षिणेची यादी बरीच शिल्लक आहे. दोन अश्वमेध, राजसूय, इतर बरेच. एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती, दुसऱ्या ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. एका यज्ञात २४,४०० कार्षापण नाणी दक्षिणा, आणि लगेच पुढे ‘पसपक’ म्हणजे प्रसर्पकांना, बघ्यांना आणि सेवकवर्गाला, ६,००१ कार्षापण.

नाणी चांदीची धरली आणि एक नाणं अंदाजे ३.४ ग्रॅमचं घेतलं, तर दक्षिणा सुमारे ८३ किलो चांदी आणि बघ्यांचा वाटा सुमारे २० किलो. ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ करणाऱ्या पुरोहितांना, मिळालेल्या रोख रकमेच्या जवळजवळ चौथा हिस्सा! यज्ञ पाहायला आलेल्यांना पैसे दिले आणि तो आकडा दगडावर कोरला. साक्षीदारांशिवाय यज्ञ राजकारणाच्या उपयोगाचा नव्हता, हे यातून लख्ख दिसतं.

लेख कोरायला जागाही पाहा कुठली निवडली: कोकणातून देशावर येणारा घाट, जिथं वाटेवरचा दगडी रांजण आजही जकातीचा म्हणून दाखवतात. देवळात नाही, राजधानीत नाही. बैल हाकत आलेला प्रत्येक व्यापारी त्या लेण्यात टेकणार. तिथंच राजघराण्याचे पुतळे होते; मूर्ती गेल्या, वरची नावं उरली आहेत. सिमुक, सातकर्णी, नायनिका (म्हणजेच नागनिका), कुमार, आणि त्यांच्याच ओळीत महारठी, म्हणजे मोठा सरदार, त्रणकयिर. राजघराण्याच्या रांगेत महारठीला उभं केलं, याचा अर्थ राणीला त्याची गरज होती.

कृष्णाकाठ (सांगली)

आगाशिव, पारिप्लवाबद्दल मनापासून आभार, हे अजिबात माहीत नव्हतं. सावकारांना असुरांच्या रांगेत बसवलेलं वाचून मुलं नक्की थांबतील. माहुली आणि औदुंबर, शब्द तसेच बदलते. एक फलक भारताबाहेरचा हवा आहे. बाबिलोनमध्येही राजाला मारत असं ऐकलं. आपल्या काठीशी त्याची तुलना योग्य होईल का?

वारणातीर (वाळवा)

तुलना करा, पण अर्थ एकच समजू नका.

बाबिलोनचा नववर्षाचा सण अकीतू, निसान्नू महिन्याच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या चैत्राच्या आसपास. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबिलोनच्या मुख्य देवासमोर, मार्दुकसमोर, सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य म्हणायचं. पाचव्या दिवशी राजा मार्दुकच्या एसागिला देवळात येतो. मुख्य पुजारी त्याचा राजदंड, कडं, गदा आणि मुकुट काढून घेतो आणि देवासमोरच्या आसनावर ठेवतो. मग थोबाडीत मारतो, कान धरून आत नेतो, गुडघ्यावर बसवतो. राजा म्हणतो: मी पाप केलं नाही, बाबिलोनचा नाश केला नाही, एसागिलाचे विधी विसरलो नाही, संरक्षण मिळालेल्या नागरिकांच्या थोबाडीत मारली नाही. पुजारी धीर देतो, राजचिन्हं परत करतो आणि पुन्हा एक थोबाडीत. डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न. नाही आलं तर शत्रू उठेल आणि राजा पडेल.

मधलं वाक्य फलकावर मोठ्या अक्षरांत घ्या. ज्याला थोबाडीत मारली, तोच सांगतोय की नागरिकांच्या मी मारली नाही. बाबिलोनच्या जुन्या नागरिकांना वेठ आणि कर यांपासून सूट होती, ती दरवर्षी राजाच्या तोंडून वदवून घेतली जाई. माहुलींनी सांगितलेलं ‘आमचा राजा सोम’ याच जातीचं: कुणाला हात लावायचा नाही, ते विधीतच बांधलेलं. फरक असा की राजसूयातली काठी राजाला दंडाच्या पलीकडे नेते आणि ती एकदाच. बाबिलोनची थोबाडीत दरवर्षी, राजाला पुन्हा जबाबाला उभं करणारी.

वर औदुंबर यांनी दिला तोच इशारा इथंही लागू. या विधीच्या पाट्या आपल्याकडे पोचल्यात त्या उशिराच्या, सेल्यूकस घराण्याच्या, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांच्या, काळातल्या. फार आधीच्या हम्मुराबी राजाला अशी थोबाडीत मारली, असं लिहू नका.

विधी चुकला तर काय, याचं मात्र भक्कम उदाहरण आहे. बाबिलोनचा राजा नबोनिदस (इ.स.पू. ५५६ ते ५३९) दहा वर्षं अरबस्तानातल्या तैमा इथं राहिला. बाबिलोनच्या बखरीत त्या काळातल्या वर्षांपुढं तेच वाक्य पुन्हा येतं: राजा आला नाही, नबू (मार्दुकचा मुलगा मानलेला देव) आला नाही, बेल (म्हणजे मार्दुक) बाहेर निघाला नाही, अकीतू झाला नाही. राजधानीत त्याचा मुलगा कारभार बघत होता, सैन्य होतं, कर येत होता. पण देवाचा हात धरून मिरवणुकीला निघायचं ते राजानंच, मुलाला चालत नाही. सण थांबला की पुजारी, कारागीर, मिरवणुकीवर पोट असलेले सगळे दुखावतात. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणचा राजा कुरुश (सायरस) बाबिलोन जिंकून आला तेव्हा त्यानं स्वतःला मार्दुकनं निवडलेला राजा म्हणवलं. सणाअभावी राज्य गेलं असं म्हणणं धाडसाचं होईल, पण त्यानं नेमकं तेच रिकामं आसन हेरलं.

माहुली (सातारा)

चौथ्या फलकासाठी सुचवतो: पुढे काय झालं. अग्निपुराणातल्या राज्याभिषेकात चार लाकडांच्या जागी तीन धातू आणि माती येतात. पूर्वेला ब्राह्मण अमात्य, सोन्याच्या कलशात तूप. दक्षिणेला क्षत्रिय, चांदीच्या कलशात दूध. पश्चिमेला वैश्य, तांब्याच्या कलशात दही. उत्तरेला शूद्र अमात्य, मातीच्या कलशात पाणी. वैदिक यादीत उंबराचं पात्र धरणारा भाऊबंद इथं दिसत नाही, त्याऐवजी चारही बाजूंना अमात्य आले आणि चौथा वर्ण आत आला. भाऊबंदांच्या मेळातून राज्य कारभाऱ्यांच्या हातात सरकलं, ते या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

हीच चौकट ६ जून १६७४ ला रायगडावर अष्टप्रधान कलश घेऊन उभे राहिले तिथपर्यंत येते. आणि साताऱ्यापुरतं सांगायचं तर १२ जानेवारी १७०८. शाहू महाराजांच्या हातात किल्ला आलेला होता, पण ताराबाई आपल्या पुत्राच्या नावानं राज्य चालवतच होत्या. कुणाच्या बाजूला जायचं हे सरदारांना ठरवायचं होतं, अशा वेळी राज्याभिषेक झाला. ‘सैन्य आधीच हातात असताना पाणी कशाला’ या तुमच्या पहिल्या प्रश्नाला मुलांच्या ओळखीच्या गावातलं उत्तर हेच.

आगाशिव (कऱ्हाड)

एक तांत्रिक सूचना. नाणेघाटचे आकडे फलकावर घेताना मूळ ब्राह्मी अंकचिन्हंही काढा. त्या पद्धतीत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. हजाराचं चिन्ह, त्याला जोडून चाराचं म्हणजे चार हजार, वीस हजारांसाठी हजाराला विसाचं चिन्ह जोडायचं. २४,४०० लिहायला आपल्यासारखे पाच अंक ओळीत मांडू नका, तिथं दरवेळी चूक होते. आणि ६,००१ मधला तो शेवटचा एक गाळू नका. सव्वा रुपया, एकशे एक, अकराशे एक असा आहेर लिहिणाऱ्या घरांतली मुलं आहेत, तो एक त्यांना आपोआप ओळखता येईल.